गव्हाच्या दाण्यात अमेरिका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हा किस्सा सांगताना मला अजून हसू येत नाही, मेल्याहून मेल्यासारखं होतं!

नांदुऱ्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान. बायको, सुमन, शाळेत शिक्षिका. आमच्या मुक्ताला शिकायला परदेशी पाठवायचं म्हणून तिनं पगारातून वर्षानुवर्षं पैसे मागं टाकले होते. एक दिवस मला म्हणाली, "अवो, पोरीची फी डॉलरमंधी भरा लागन. बँकेत पडून काय फायदा? ते इंटरनॅशनल फंड असतात न, अमेरिकेच्या शेअरमंधी पैसे लावनारे, त्याच्यात टाका."

"टाकू. पण कधी टाकाचे, ते मले ठरवू दे."

घरचा अर्थमंत्री ना मी!

आमच्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. संध्याकाळी शेतात गोलाकार धान्यं मांडतात आणि पहाटे दाणे कुठं सरकले ते पाहून पाऊसपाण्याचं आणि त्या त्या पिकाचं भाकीत सांगतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं ते ऐकूनच बियाणं ठरवतात. मी म्हटलं, बियाण्याला चालतं, तर फंडाला का नाही?

गेलो! पण त्या मांडणीत अमेरिकेचं धान्य कोणतं? कुणाला विचारायची लाज वाटली. मग माझं मीच ठरवलं, गहू म्हणजे अमेरिका. पहाटे गर्दीत टाचा उंचावून पाहिलं, तर गव्हाचे दाणे पार विखुरलेले!

घरी येऊन जाहीर केलं, "यंदा अमेरिका पडते. थांबाचं."

"कोनं सांगतलं?"

"गव्हानं."

सुमननं पैसे बँकेतच ठेवले, माझ्या भरवशावर.

आणि पडली का अमेरिका? छे! वर्षभर चढतच गेली. दर महिन्याला ती विचारायची, "आता टाकता का?" आणि मी खेकसायचो, "इतक्या महागात? येडी झाली का तू?"

पुढच्या अक्षय्य तृतीयेला गव्हाचे दाणे जागच्या जागी! मी तिथून थेट फंडाचं काम करणाऱ्या विलासचं घर गाठलं.

"विलास, टाक सारे पैसे. आजच!"

"भाऊ, त्या फंडानं नवे पैसे घेनं बंद केलं."

"काऊन बे?"

"बाहेरच्या देशात किती लावाचे, त्याले मर्यादा रायते. ते भरली. मागच्या वर्षी आले असते त..."

पुढचं मी ऐकलंच नाही.

त्यानंतर मुक्ताला तिकडे प्रवेश मिळाला. फी रुपयांत मांडली, तर सुमनची सगळी जमा तोकडी पडली. मी कर्जाचा विषय काढला, तर पोरगी म्हणाली, "राहू द्या बाबा. पुण्यातच करते मी." भांडली असती तर बरं झालं असतं हो. मला माझीच चीड आली.

परवा तिला पुण्याच्या गाडीत बसवून सुमन आणि मी परत आलो, तर दारात शेजारचे गजाननभाऊ उभे.

"वहिनी, फंड पुन्हा चालू झाले म्हन्तात. आमच्या पोराचे पैसे कधी टाकू?"

सुमननं माझ्याकडे बोट दाखवलं. "यायले इचारा. यायच्याशिवाय कोनाले समजत नाई."

खरं सांगतो, एवढं सगळं होऊनही माझी मान ताठ झाली! मी घसा खाकरला.

तेवढ्यात ती चप्पल काढता काढता म्हणाली, "हे थांबा म्हन्ले, का त्याच दिवशी टाका."

गजाननभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सल्ला बिनचूकच होता.