मालकाच्या सोंगट्या

गेल्या रविवारी लालबागच्या एका चाळीत मी गिरणीमालक होऊन संप मोडला. संप पटावरचा होता. हा खेळ बनवणाऱ्या गृहस्थाची ओळख खालच्या हॉटेलात चहा पिताना झाली. "मालक व्हाल का? चाळीत कुणी तयारच होत नाही," त्याने विचारलं.

कामगारांच्या बाजूने त्याचे वडील खेळले. एकेकाळी ते खरोखरच संपात होते. मालकाच्या सोंगट्यांना ते हात लावत नसत. त्या सोंगट्या मुलानेच मांडल्या.

वडील हरले.

"त्यांच्यासाठी एखादा नियम सैल करा ना," मी मुलाला म्हणालो.

"खेळात नाही जमणार. कादंबरी लिहितोय ह्याच संपावर."

"त्यात तरी कामगार जिंकतले?" वडिलांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही, बाबा."

वडिलांनी पट पुसला आणि सगळ्या सोंगट्या पुन्हा मांडल्या, मालकाच्याही.