शिळं, पण उष्टं नाही

शिळं आणि उष्टं हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरणाऱ्या माणसाचा मला अजून राग येतो. शिळं म्हणजे कालचं. उष्टं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं. आमच्या घरात सोमवारपासून गुरुवारपर्यंत शिळं खाल्लं जायचं, तेही साहेबाच्या घरचं, आणि त्याची आम्हाला कधी लाज वाटली नाही. पण उष्टं आमचा उंबरा ओलांडून आत आलेलं नव्हतं. आईचं तसं व्रतच होतं.

आई शेवगावकडची, गावकुसाबाहेरच्या घरातली. तिच्या वडिलांची येसकराची पाळी आली की गावाची राखण करायची आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची, अशी रीत. आई लहानपणी टोपली धरून त्यांच्या मागं जायची. एकदा टोपलीत पडलेल्या चतकोर भाकरीवर लहान पोराच्या दातांची खूण होती. भूक होती म्हणून तिनं तो चतकोर खाल्ला, पण ती खूण काही तिच्या मनातून गेली नाही. पुढं मिशनच्या बोर्डिंगात शिकली, ख्रिस्ती झाली, लग्न होऊन नगरला आली, आणि आल्या आल्या बाबांना सांगून मोकळी झाली की माझ्या पोरांच्या तोंडात कुणाचं उष्टं जायचं नाही. बाबा हसले म्हणे. त्यांना हसायला काय जातंय!

बाबा कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बटलर होते आणि आम्ही तिथंच जवळ भिंगारला राहायचो. लढाईचे दिवस होते. रस्त्यानं रणगाडे गेले की फळीवरची भांडी वाजायची आणि पिठात धूळ बसायची. दर रविवारी बंगल्यावर मोठ्याच्या, म्हणजे गाईबैलाच्या, मांसाचा अख्खा गोळा भट्टीत भाजला जायचा. त्याला रोस्ट म्हणत. बाबा त्याचं वर्णन पोराचं बारसं सांगावं तसं करायचे. साहेब स्वतः सुरी घेऊन कागदासारखे पातळ काप काढतो, ज्याच्या त्याच्या ताटात ठेवतो, आणि मग जो तो आपल्या ताटाच्या कडेला चमचाभर पिवळी मोहरी घेतो, डब्यातली पूड पाण्यात कालवून केलेली. "मोहरी ताटात, रोस्टाला कधीच न्हाई," हे बाबांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. म्हणजे मागं उरलेला गोळा स्वच्छ, कुणाचं तोंड न लागलेला. मडमेला शिळं चालत नसे, म्हणून सोमवारी ती तो बाबांना देऊन टाकायची. आईनं पहिल्या खेपेला बाबांची चांगली उलटतपासणी घेतली आणि मगच डबा घरात घेतला.

माझी ताई माझ्याहून बरीच मोठी. बालवर्गाला शिकवायची, घरी येऊन पोरांच्या नकला करायची, आम्हाला हसवून हसवून बेजार करायची. एका पावसाळ्यात तिला खोकला लागला तो सुटेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि क्षय म्हणाल्या. तेव्हा त्यावर औषध कुठलं? दूध, अंडी, मांस आणि मोकळी हवा, एवढंच त्यांनी सांगितलं. तिचं ताट वेगळं ठेवा, तिचं उष्टं कुणी खाऊ नका, हेही बजावलं. ताई शेजारीच बसून सगळं ऐकत होती. परतताना टांग्यात म्हणाली, "चला, आता आईचा नियम माझ्यामुळं पक्का झाला." 

पडवीत तिची खाट पडली. आईनं डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या बोलण्यातून एकच गोष्ट डोक्यात घेतली, पोरीच्या पोटात मांस गेलं तर पोरगी वाचेल. आमची शेळी दुधाला होती, कोंबड्या होत्या, पण लढाईच्या महागाईत मटण घरात यायचं ते नाताळाला आणि ईस्टरला. म्हणजे आधार त्या सोमवारच्या डब्याचा. तोवर आम्ही सगळे मिळून तो गोळा खायचो, आता तो ताईचा झाला. फोडी तिला, रस्सा आम्हाला.

आणि आईनं तो पुरवला तरी किती! शिजलेलंच मांस, त्यामुळं खटपट अशी नव्हती. शाळेतून आल्यावर मी कांदा चिरून द्यायचा अवकाश, स्वयंपाक झालाच. सोमवारी बारीक चिरून कांदा आणि हिरव्या मिरचीवर परतायची. ताईला भाजून काळसर झालेली कड फार आवडायची, ती तिला आधी मिळायची. दुसऱ्या दिवशी पाट्यावर ठेचून बटाट्याबरोबर खिमा, नाहीतर वाळलेल्या भाकरीचा चुरा लावून तव्यावर कटलेस. मग कधी तुरीच्या डाळीत चिंच घालून. अगदी शेवटी हाडाला चिकटलेले दोरे सोडवून भाजक्या धान्याचा येसूर मसाला लावलेला झणझणीत रस्सा. रोज रात्री उरलेलं मीठ-हळद लावून गरम करायचं आणि शिंक्यात टांगायचं, मांजरानं उडी मारली तर आईच्या शिव्या मांजरालाच झेपायच्या. ताई खाटेवरून विचारायची, आज लंडनच्या राणीला काय वाढणार? त्या महिन्यांत तिच्या गालांवर थोडं मांस आलं होतं. मी पाहिलंय ते, माझ्या मनाचे खेळ नव्हेत.

मग त्या साहेबाला लढाईवर पाठवलं आणि बंगल्यात दुसरा आला. त्याची मडम काटकसरी निघाली. तीही रोस्ट आठवडाभर पुरवायची, सोमवारी थंड काप, मंगळवारी पावात, पुढं बटाट्याखाली घालून भट्टीत. आईसारखीच की! तिच्यावर रागवायलाही जागा नव्हती. गोळा जाळीच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि आमचा डबा रिकामा. ताटांत टाकलेलं असायचं ते बंगल्यावरच्या कुत्र्याला जायचं.

दिवाळीच्या सुमारास ताई पुन्हा उतरली. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. आई अंडी खाऊ घालायची, ती ओकून टाकायची. बाबा घरी आले की आई आधी त्यांच्या हाताकडं बघायची आणि मग भाकरी थापायला बसायची.

एका सोमवारी डबा पुन्हा आला. बाबा म्हणाले, मडमेला दया आली. आईनं त्या संध्याकाळी चुलीपाशी गाणं म्हटलं, आमच्या ख्रिस्ती देवळातलं. आठवडाभर पुन्हा मांस शिजलं. फोडी लहान होत्या, चौकोनी कापलेल्या, पण मांस होतं.

पुढच्या डब्याच्या वेळी मी कांदा चिरत होते. आई एकेक तुकडा पाण्यातून काढत होती आणि तिचा हात थांबला. चरबीच्या घडीत पिवळं काहीतरी अडकलं होतं. तिनं बोटानं काढलं, नाकाशी नेलं. मलाही तो झणका कळला. मोहरी. मोहरी ताटात, रोस्टाला कधीच न्हाई.

बाबा पाय धुऊन आत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. रागावली की तिची बोली थेट शेवगावला जायची. आवाज मात्र चढवला नाही, कारण पडवीत ताई होती.

"कुणाच्या ताटातलं हाय हे?"

बाबांनी खांद्यावरच्या पंचानं ओले पाय पुसले. मग म्हणाले, "कुत्र्याला जायचं हुतं. मी दात लागलेल्या कडा कापून टाकल्या. धुतलं बी."

मला वाटलं, आता डबा अंगणात जाणार. आईनं तो उचललाही. ती दारापर्यंत गेली. पडवीत ताईला खोकल्याची उबळ आली होती, ती थांबेपर्यंत आई डबा घेऊन दारातच उभी राहिली. मग परत फिरली. बाबांना एवढंच म्हणाली, "तिला कळता कामा न्हाई."

तिनं ते मांस मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढलं, पुन्हा काढलं, आणि फडताळातून मोहरीची बरणी घेतली. लोणच्याला फेसतात तशी मोहरी फेसली आणि रश्श्यात घातली. साहेबाच्या मोहरीचा वास आपल्या मोहरीत जिरावा म्हणून. त्या दिवसापासून मांसाच्या प्रत्येक पदार्थात मोहरी. खिम्यात मोहरी, डाळीत मोहरी. आम्हाला बाकीच्यांना आई त्यातला थेंब देत नसे, आम्ही चटणी-भाकर खायचो. माझी आई, जिनं कुणापुढं मान वाकवली नाही, ती रोज संध्याकाळी ताट घेऊन पडवीत जाताना मान खाली घालायची. त्या मडमेचा नाही, त्या साहेबाचा नाही, मला देवाचा राग यायचा. अजून येतो.

ताई खायची. म्हणायची, काय गं आई, रश्श्याला लोणच्याचा वास! आई म्हणायची, थंडीत मोहरी चांगली असते. ताई मान डोलवायची आणि सगळं ताट संपवायची.

एकदा आई ओढ्यावर गेली असताना मी ताईचे केस विंचरत होते. ती सहज म्हणाली की आताशा रोस्टाची कड येत नाही. मी गुंता सोडवत राहिले. ती म्हणाली, "बाबा कडा कापून आणतात ना? मला पहिल्याच दिवशी कळलं." माझ्या हातातली फणी तशीच राहिली. मग तिनं माझा हात धरला. "आईला सांगू नकोस. मला कळलंय हे तिला कळलं तर ती उद्यापासून करायची नाही. आणि मी गेले, की जन्मभर म्हणेल, माझ्या नेमापायी पोरगी गेली." मी विचारलं, तुला किळस नाही येत? ती म्हणाली, येते. आणि मला वेणी घट्ट घालायला सांगितली.

नाताळ झाला आणि ती गेली. दिवेलागणीला जेवायला बसली होती, दोन-चार घास खाल्ले, बाकीचं थोड्या वेळानं खाते म्हणाली, आणि उबळ आली ती रक्ताचीच. बाबा डॉक्टरीणबाईंकडं धावले. त्या येईपर्यंत सगळं संपलं होतं. धावपळीत कुणाच्या तरी पायानं ताट खाटेखाली सरकलं.

दुसऱ्या दिवशी दफन करून आलो. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी पाठवली होती, आईनं हात लावला नाही. माणसं पांगली तशी ती पडवीत गेली, खाट उचलून बाजूला करायला. ताट सापडलं. रस्सा सुकून मोहरीचे पिवळे डाग पडले होते आणि चतकोर भाकरी होती. भाकरीवर ताईच्या दातांची खूण होती.

आई तिथंच भुईवर बसली. तो चतकोर तिनं उचलला, ताटातला सुकलेला रस्सा त्यानं पुसून घेतला आणि खायला लागली. बाबा पुढं झाले, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय ते आठवतंय ना, असं काहीसं म्हणत ताट धरू लागले.

आईनं ताट जवळ ओढलं. "राहू द्या. माझ्या पोरीचं हाय."

तिनं सगळं खाल्लं. मग उठून ताट राखेनं घासलं आणि आमच्या ताटांच्या चळतीत ठेवून दिलं.