सत्काराच्या दिवशी मी जे बोलले

पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी पनवेलच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. नाकातला, घशातला नमुना घ्यायचा, नळीवर लेबल लावायचं, पुढच्याला बोलवायचं. दिवसभर तेच. सुकापूरच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर मी आणि आई, दोघीच राहायचो. आईचे गुडघे कधीचेच गेलेले.

सोसायटीचे सेक्रेटरी मला 'बेटा' म्हणायचे. त्यांच्या बायकोचं रक्त मी कितीदा तरी घरी जाऊन काढलं होतं. त्यांचाच ग्रुपवर मेसेज आला, की मी लिफ्ट वापरू नये. म्हटलं ठीक आहे, जिने चढेन. आठवड्याभरात तोच नियम आईलाही लागू झाला. मग दूधवाल्याला आमच्या मजल्यावर बंदी आली आणि आमचा कचरा दाराशी साचू लागला.

मे महिन्यात एका दुपारी ड्युटीवरून आले, तर गेटला आतून कुलूप. वॉचमन आत उभा होता. डोंगरातल्या वाडीवरचा, पन्नाशीचा माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, किल्ली माझ्याजवळ हाय. पण उघडायचं नाय असं सांगितलंय."

दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून सेक्रेटरी बोलले, "कमिटीत ठरलंय. तू हॉस्पिटलमध्येच राहायची सोय बघ. आईकडे आम्ही बघू."

"लिफ्ट बंद करून बघितलंत तसं?" मी विचारलं. ते आत गेले.

तासभर मी उन्हात उभी होते. खिडक्यांमधून माणसं बघत होती. खाली मात्र कोणी आलं नाही. कोणकोणत्या खिडकीत कोण होतं ते मी तिथेच पाठ करून ठेवलं. तेवढ्यात आई जिन्याच्या दारात दिसली. एकेक पायरी बसून उतरत ती चार मजले खाली आली होती. गेटपाशी पोचली आणि गज धरून खालीच बसली. वॉचमनने तिच्याकडे बघितलं, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"या आत," तो म्हणाला. "काय व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. गाड्या बंद होत्या, तो वाडीपर्यंत चालत गेला. मला हे संध्याकाळी घरी आल्यावर कळलं; त्या प्रकारानंतर गेटला पुन्हा कुलूप लागलं नव्हतं. माझ्यापुरतं मी कदाचित विसरले असते. नाही, खरं सांगायचं तर तेही विसरले नसते. पण त्याची नोकरी गेली आणि माझा राग मुरला. कामात असताना, जेवताना, केस विंचरताना मी मनातल्या मनात सेक्रेटरींशी भांडत असायचे.

साथ ओसरली. प्रजासत्ताक दिन जवळ आला तेव्हा त्यांचा फोन आला. "बेटा, झेंडावंदनानंतर तुझा सत्कार ठेवलाय. कोविड योद्धा म्हणून."

मी इतक्या गोड आवाजात हो म्हटलं, की त्यांनाही आश्चर्य वाटलं असावं. तो आठवडा माझा फार आनंदात गेला.

सुट्टीच्या दिवशी मी पळस्प्याला गेले. वॉचमन तिथे एका गोदामात माल उतरवायच्या कामाला लागला होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही या. समोर बसा."

"नको ताई. त्या लोकांची तोंडं नाय बघायची मला. तुमाला बोलायचं तर तुमी बोला."

"तुमचं नाव घेतलं तर चालेल?"

"घ्या की. मी काय चोरी केली नाय."

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. आई पहिल्या रांगेत होती. सेक्रेटरींनी भाषणात सांगितलं, की त्या कठीण काळात अख्खी सोसायटी माझ्या पाठीशी उभी होती. त्या वाक्याने माझं काम सोपं केलं. मी शाल बाजूला ठेवली, माइक घेतला आणि मोबाइलमधले त्यांचे मेसेज एकेक करून वाचले. मग कुलुपाचं सांगितलं. वॉचमनचं नाव घेतलं. शेवटी खिडक्यांमध्ये कोण कोण होतं ते सांगितलं, फ्लॅट नंबरसकट.

"बेटा, हे आता कशाला?" सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"काका, ते तेव्हा कशाला होतं ते आधी सांगा."

त्यांची बायको डोळ्यांना पदर लावून रडत होती. मी थांबले नाही. सगळं सांगून झाल्यावरच माइक ठेवला. टाळ्या वाजल्या नाहीत, मला त्या नकोच होत्या.

घरी चहा घेताना आई म्हणाली, "तळमजल्यावरच्या बाईंचं राहिलं बघ. त्यापण होत्या खिडकीत."

महिन्याभरात सेक्रेटरींनी पद सोडलं आणि ते पुण्याला मुलीकडे राहायला गेले. नव्या कमिटीने वॉचमनला परत बोलावणं धाडलं, तो आला नाही. लोक अजून मला समजावतात, की तेव्हा सगळेच घाबरले होते. मीही घाबरले होते. तरी रोज शंभर माणसांच्या नाकात काडी घालत होते. पण मी कोणाला दाराबाहेर उभं केलं नव्हतं. आजही ती माणसं जिन्यात भेटली, हसली, तर मी हसत नाही.