मयताची संमती

सत्तरच्या दशकात सात रस्त्याला एका कचेरीबाहेर माझं टाइपरायटरचं टेबल होतं. अर्ज निर्दोष टाइप करण्याचा मला फार माज. तो माजच नडला.

तिथून जवळच्याच मंद्रूप गावच्या माळावर मेंढपाळांचा सिनेमा काढायला परदेशी मंडळी आली आणि त्यांचे कागद माझ्याकडे आले. अबब, केवढे ते कागद! गोष्ट आधी दिल्लीला पाठवा, बरोबर सरकारी साहेब फिरवा, कॅमेरे नि फिल्मचे डबे जेवढे आणले तेवढे परत न्या. गावची माणसं कामाला घेतलीत तर परवानग्या लवकर सुटतील, असं साहेबानं सुचवलं, म्हणून मेंढपाळही गावचेच घेतले. शेवटची अट अशी, की पडद्यावर ज्याचा चेहरा दिसेल त्याचा संमतीपत्रावर अंगठा हवा. नसेल तर तेवढा भाग कापायचा.

एका म्हातारीचा एकुलता लेक त्यात होता. कागद पोचवायला गेलो तेव्हा ते शूटिंग मी पाहिलं. मेंढरं हाकत तो चढावरून आला आणि कॅमेऱ्याशेजारून जाताना वळून हसला. बस, एवढंच. तिसऱ्या दिवशी त्याला साप चावला नि दवाखाना गाठायच्या आत तो गेला. अंगठा राहिला तो राहिलाच.

मंडळी निघायच्या आदल्या दिवशी त्याची आई माझ्या टेबलाशी आली. "भाऊसाहेब, घरात त्याचा एक फोटू न्हाय. तेवढा शिनेमात तरी ऱ्हाऊ द्या की. अंगठा मी देते."

आमच्या धंद्यात मेलेल्याच्या नावाआधी 'मयत' लिहिलं नाही तर अर्ज तोंडावर परत येतो. संमतीपत्रावर त्याच्या नावाआधी सवयीनं बोटांनी 'मयत' मारलं, खाली वारस म्हणून आईचा अंगठा घेतला, आणि काम चोख झालं म्हणून मी स्वतःवर खूश. अरे गाढवा, नुसतं नाव घालून अंगठा उमटवला असतास, तर तिकडे कोण विचारणार होतं तो कुणाचा म्हणून?

काही महिन्यांनी त्या परदेशी मंडळींचं पत्र आलं. मयताची संमती धरता येत नाही, तेवढा भाग काढला आहे.

त्याच आठवड्यात ती एसटीनं विचारायला आली.

"हाय का वो त्यो त्यात?"

पत्र खणात होतं. मी म्हणालो, "आहे की."

"चालतोय?"

"चालतोय."

"हसतोय बी?"

"हसतोय, मावशी."

तिचा चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती दर महिन्याला यायची, हेच तीन प्रश्न विचारायची. हळूहळू मलाही तो दिसायला लागला. कचेरीच्या पायऱ्या चढताना कुणी वळून बघितलं की माझी बोटं थांबायची.

थंडीच्या दिवसांत ती घोंगडी घेऊन आली. त्याच्याच मेंढरांची लोकर. "तितं, त्यांच्या मुलखात, लई गारठा असतो म्हणं. त्याच्या अंगात नुसती बंडी व्हती. तुमी समदे कागद तिकडं धाडता, हे बी धाडा."

नाही कसं म्हणू? कागद झाल्याशिवाय ती हलेना. मी टाइप केलं: घोंगडी, एक. घेणाऱ्याच्या जागी त्याचं नाव घातलं. या वेळी नावाआधी काही लिहिलं नाही.

तिनं खाली अंगठा उमटवला. घोंगडी अजून माझ्या ट्रंकेत आहे. तो कुठल्याच पडद्यावर नाही हे मला पक्कं ठाऊक, तरी थंडी पडली की तो तिकडे बंडीवर कुडकुडतोय असं वाटतं, नि मला पांघरूण घेववत नाही.