रिकामी चार मिनिटं

मी लग्नं कापायचे. काय करतेस असं कुणी विचारलं तर हेच सांगायचे, कारण 'एडिटिंग' म्हटलं की लोकांना वाटायचं मी वर्तमानपत्रात आहे. वसई स्टेशनच्या पश्चिमेला, पहिल्या मजल्यावर एक गाळा होता. त्यात एक कॉम्प्युटर, एक टीव्ही, एक घरघरणारा पंखा आणि मी. मालक हाच कॅमेरामन. गिरीजचा ख्रिश्चन माणूस, शब्दाला महाग. सकाळी माझ्या टेबलावर टेप ठेवायचा, 'हं' म्हणायचा आणि पुढच्या शूटिंगला निघून जायचा. ते सीडीचे दिवस होते.

काम सोपं होतं. टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवायची. तासाभराच्या टेपला तासच लागायचा. मग पडद्याच्या तळाशी ती लांब पट्टी होऊन पसरायची. नको असलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला 'आय' दाबायचं, शेवटाला 'ओ' दाबायचं. मधला भाग गडद व्हायचा. मग डिलीट. पुढची पट्टी सरकून मागच्या पट्टीला चिकटायची आणि मध्ये काही होतं याचा मागमूस राहायचा नाही. मला तो क्षण आवडायचा, हे कबूल करते.

त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुडा झालेला, पत्रिकेचा मजकूरही ठरलेला, आणि मग मुलाकडच्यांचा एक फोन. उमेळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काही विचारत नव्हतं, म्हणजे मागे भरपूर बोलत असणार. मला मात्र काहीच वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा, तसं सगळं अंग झालं होतं. अशा बाईला दिवसभर दुसऱ्यांच्या हळदी बघायला बसवणं म्हणजे थट्टाच होती, पण मी जेवण वेळेवर करत होते, काम वेळेवर देत होते. आई म्हणायची, "पोरगी खंबीर आहे हो." खंबीर कसली, बधिर होते.

मालकाने पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगितला होता: जिथं काही घडत नाही, ते काढायचं. नवरीची मावशी पिन शोधतेय, काढ. पाहुणे तोंडात घास घेऊन कॅमेऱ्याकडे बघतायत, काढ. त्याच्यासारख्या अबोल माणसाने एवढी दोन वाक्यं बोलून दाखवली म्हणून मी ती देववाणीसारखी पाळत होते.

लग्नांच्या मधून मधून मयताच्या टेपाही यायच्या. आमच्या घरी हे कळल्यावर आईने कपाळाला हात लावला होता. आम्ही देशावरचे, आमच्यात गेलेल्या माणसाचा फोटोसुद्धा आधीचाच लावतात. पण इथल्या ख्रिस्ती घरांतली पोरं आखातात, जहाजांवर. बाप गेला तरी येता येत नाही. मग चर्चमधली मिस्सा, दफन, मूठमाती हे सगळं चित्रित करून त्यांना पाठवायचं. मला त्यात विचित्र असं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर लग्नांपेक्षा मयतं बरी वाटायची, कुणी मुद्दाम हसत नसायचं. फक्त रडण्याचा आवाज नकोसा व्हायचा. म्हणून मयताचं काम मी आवाज पूर्ण बंद करून करायचे आणि शेवटी सगळ्यावर चर्चच्या बाजाचं एक संथ वाद्यसंगीत पसरून द्यायचे. त्याबद्दल कुणाची कधी तक्रार आली नव्हती.

पाचूबंदरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याची टेप आली तीही अशीच बसून कापली. घरातली प्रार्थना झाली. मग पेटीचं झाकण लावण्याआधी घरातला एकेक माणूस पुढे येऊन कपाळाचं चुंबन घेत होता. आधी बायको. त्यानंतर मात्र सगळे मागे सरकले, कॅमेरा पेटीच्या उशाशी गेला आणि थांबला. म्हाताऱ्याचा चेहरा, छातीवर बांधलेल्या हातांत जपमाळ, आणि काही नाही. मी घड्याळ बघितलं: चार मिनिटं आणि वर काही सेकंद. उजव्या कडेने कुणा बाईचं पांढरं डोकं फ्रेममध्ये घुसलं होतं, ते बराच वेळ हललं नाही. मला वाटलं, मालक कॅमेरा चालू ठेवून कुणाशी बोलत राहिला असणार. मग धाकटी मुलं पुढे आली आणि रांग सुरू झाली.

मी बायकोनंतर आय दाबलं, धाकट्यांच्या आधी ओ दाबलं. गडद झालं. डिलीट.

सीडी कुणीतरी घेऊन गेलं. आमची पद्धत अशी, की आठ दिवसांत तक्रार आली नाही तर टेप पुढच्या लग्नाला वापरायची. कॉम्प्युटरमध्येही एका कामापुरतीच जागा, तिथलंही पुसायचं. त्या टेपवर होळी बाजारातलं एक रिसेप्शन चढलं, तेही मीच कापलं.

दीडेक महिना गेला असेल. एका दुपारी दुखवट्याची काळी साडी नेसलेली म्हातारी जिना चढून वर आली. मालक होता तेव्हा, बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता. तो चटकन उठला, तिला खुर्ची दिली, "मावशी" म्हणाला. ती बसली नाही.

"पोराचा फोन आलेला," ती म्हणाली. "जहाज बंदराला लागला तवा केला. बोलतो, आई, माजा निरोप कुठंय?"

मालकाने माझ्याकडे बघितलं. मला काही समजलं नाही, तसं मी म्हणालेही. मग त्याने सांगितलं. ही पाचूबंदरच्या त्या म्हाताऱ्या कोळ्याची बायको, आणि मोठा मुलगा जहाजावर. किनाऱ्यावरच्या घरांत ती रीतच होऊन गेली होती: जो येऊ शकत नाही त्याच्या जागी कॅमेरा उभा करायचा. मोठा मुलगा, म्हणून आईनंतर त्याचा मान. बाकीच्यांनी मागे व्हायचं, आणि कॅमेऱ्याने बापाच्या उशाशी उभं राहायचं, मुलगा राहिला असता तेवढा वेळ. आईने फोनवर मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं की तुझा निरोप राखलाय, सीडी आली की बघ.

"तू मला सांगितलं नाहीस," मी मालकाला म्हणाले.

"त्यात सांगायचं काय?" तो म्हणाला. "ती टेपमध्येच सांगते की सगळ्यांना. मागे व्हा, मोठ्याला येऊ द्या म्हणून. तू ऐकलं नाहीस?"

मी म्हातारीकडे वळून म्हटलं, "तिथं काही घडत नव्हतं, म्हणून मी काढलं." वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच ऐकू आलं. तिने रागावायला हवं होतं, ती रागावली नाही. परत मिळेल का, एवढंच विचारलं. मालकाने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा बॅटऱ्या लावू लागला. टेपचं काय झालं ते मी सांगितलं. तिच्यावर आता कुणाचं रिसेप्शन आहे तेही सांगितलं, का सांगितलं कोण जाणे.

ती आता खुर्चीवर बसली. जरा वेळाने माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "बाय, मी त्याला बोलली होती तितं. कॅमेऱ्याच्या माइकपाशी तोंड नेऊन. बाप त्याच्यासाठी काय सांगून गेला ते. बाकीच्या पोरांना ऐकू जायला नको म्हनून हळू बोलली. आता तो इचारतो काय सांगितला, आनि मला सगला आठवत नाय. तवा माजा डोका जाग्यावर नवता. अर्धाच आठवतो." तिने मालकाकडे बोट केलं. "ह्यालापन नाय ऐकू आला असंल, रोजरीची प्रार्थना चालू होती. पन तू तर बघितलास ना समदा? काय बोलली गं मी?"

मला ते पांढरं डोकं दिसलं. इतका वेळ का हललं नाही ते कळलं. खोटं बोलता आलं असतं. बाप पोराला काय सांगून जातो? भावंडांना सांभाळ, आईला सांभाळ, बोट विकू नका. चार वाक्यं जुळवून दिली असती तर तिने ती फोनवर सांगितलीही असती. पण माझ्याने ते झालं नाही, आणि त्यात प्रामाणिकपणा काही नव्हता. मला काही सुचलंच नाही.

"मी आवाज बंद ठेवला होता, मावशी," मी म्हणाले.

तिने हात काढून घेतला. ती पडद्याकडे वळली. पडद्यावर कुणाच्या तरी वरातीचा तुकडा अर्धा गडद होऊन थांबलेला होता. मग ती उठली, पदर नीट केला.

"म्हंजे माजा पोर आलाच नाय," ती म्हणाली.

मालक तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला. खूप महिन्यांनी मला काहीतरी होत होतं, इंजेक्शन उतरताना गाल दुखू लागतो तसं, आणि ते थांबावं असं मला फार वाटत होतं.