पुढची सीट

लेक आणि जावई सुट्टीला आले ते युरोप बरोबर घेऊनच. दोघं जर्मनीत राहतात. यंदा आम्हा म्हाताऱ्यांना तिकडे न्यायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि चार देशांतून फिरवून आणायचं असं त्यांनी ठरवलं होतं. बोरिवलीच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं असतं. ते मधे ओढून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि चारही देश पसरले. मी त्याच टेबलावर कोथिंबीर निवडत होते. इटलीच्या बाजूला मला थोडी जागा मिळाली.

जर्मनीतून निघायचं, ऑस्ट्रियाचा एक कोपरा कापायचा, स्वित्झर्लंडचे डोंगर चढायचे, पलीकडे इटलीत एका तळ्याकाठी राहायचं आणि दुसऱ्या वाटेने परत यायचं, असा बेत होता. जावई बोटाने रस्ता दाखवत होते. पडद्यावर तो कुणीतरी शेवया सांडाव्यात तसा दिसत होता.

"आई, हा घाट बघ ना," लेक म्हणाली. "एकेक वळण असं आहे ना, वेड लागेल."

"छान आहे," मी म्हटलं आणि पोटावर हात ठेवला.

मला गाडी लागते. लग्नानंतर पहिल्यांदा एसटीने कोकणात गेले तेव्हापासून लागते. मुंबईहून गावी जाताना लागणारी सगळी गावं मला पाठ आहेत, पण ती कशी पाठ झाली हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी चघळून झाली. सासूबाईंनी पोटाला वर्तमानपत्र बांधायला सांगितलं, तेही केलं. बातम्या घामाने भिजल्या, बाकी काही फरक पडला नाही. गोळी घेतली तर लागत नाही, पण मग मी अशी झोपते की उतरताना गदागदा हलवावं लागतं. गोळी घेऊन माझं महाबळेश्वर झालंय, गोवा झालाय. दोन्ही ठिकाणं फार सुंदर आहेत असं ऐकून आहे.

ड्रायव्हरच्या शेजारी बसले तर मात्र मला काही होत नाही. हे एकदा भावाच्या टेम्पोत कळलं, कारण टेम्पोत दुसरीकडे बसायची सोयच नव्हती. पण आमच्या घरात ती जागा ह्यांची. टॅक्सी असो, कुणा नातेवाइकाची गाडी असो, हे पुढे बसून चालवणाऱ्याला रस्ता सांगणार आणि आम्ही बायका मागे मांडीवर पिशव्या घेऊन बसणार. असा नियम कुणी केला नव्हता. केला असता तर कुणाशी तरी भांडता आलं असतं.

लेकीला माझं सगळं माहीत. तिने माझ्या कानाशी येऊन एका वाक्यात निकाल लावला, "आई गोळी घेईल ना."

म्हणजे युरोपही मी ऐकूनच घ्यायचा. आणि मला तर तो बघायचा होता. बर्फ, गाई, तळं, ते लाकडाच्या घरांना टांगलेल्या फुलांसकट सगळं, डोळे उघडे ठेवून. पण हे मोठ्याने म्हणायला माझी जीभ उचलेना. त्यात समोर जावई. "आणखी वाढू का?" आणि "पोचल्यावर फोन करा" याच्या पलीकडे मी त्यांच्याशी कधी बोललेली नाही. लेकीला मी शपथ घातली होती की मला गाडी लागते हे त्यांना कळता कामा नये. जावई दारात आला की आपण पदर सारखा करतो. त्याच्यासमोर ओकायचं कसं?

ह्यांची तयारी मात्र जोरात होती. दिवसभर फोनवर घाटांचे व्हिडिओ, तेही आवाज मोठा करून. एक वळण, मग दुसरं वळण, मागे बासरी. मला सोफ्यावर बसल्या बसल्या लागली. शिवाय ह्यांनी एक टोपी आणली, तपकिरी, जाड कापडाची, कडेला पीस खोवलेलं. "तिकडे सगळे हीच घालतात," म्हणे. ती घालून हे दूध आणायला खाली गेले तर वॉचमनने उठून सलाम ठोकला. ओळखलंच नव्हतं त्याने.

मग जावयांनी काढलं, "रविवारी मुलुंडहून दादाची गाडी आणतो. मनोरीला जाऊन येऊ या. तुम्हा दोघांना लांब बसायची सवय होईल."

"रंगीत तालीम!" हे खूश झाले. "झकास!"

रविवारी मी गोळी घेतली नाही. जावयांसमोर आ वासून घोरायचं की ओकायचं, यात मी देवावर हवाला ठेवला. हे अर्थातच पुढे बसले. टोपी छताला लागायला लागली तेव्हा ती काढून माझ्याकडे दिली. "नीट धर गं. चुरगळू नकोस."

भाईंदरपर्यंत ठीक होतं. रस्त्यात एवढा ट्रॅफिक होता की गाडी लागायला आधी ती चालायला हवी ना. उत्तनला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत आला. सुक्या बोंबलाची चटणी म्हणजे माझा जीव की प्राण, पण त्या दिवशी मी नाकाला पदर लावला. पुढे चढ लागला आणि वळणं सुरू झाली.

"हे बघा, हे वळण! अगदी स्वित्झर्लंड!" हे पुढून ओरडले.

माझ्या पोटानेही ते ओळखलं.

गाडी थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. पण जावयांना हाक काय मारायची इथेच माझं अडलं. "अहो" म्हणावं तर दोघं बघणार. "जावईबापू" म्हणावं तर ते लग्नानंतर कधी म्हटलेलं नाही. हे मनात चाललं तोवर वेळ निघून गेली होती. माझ्या हातात टोपी होती.

पुढचं सांगत नाही. टोपी मात्र चांगल्या प्रतीची निघाली. एक थेंब गळला नाही.

"वाट लागली!" लेक किंचाळली. "थांबव, थांबव!"

गाडी कडेला घेतली. मी उतरून एका झाडाला धरून उभी राहिले आणि झाडाकडेच बघत राहिले, कारण बाकी कुणाकडे बघायची सोय नव्हती. हे टोपीपाशी उभे होते. कुणी वारल्यासारखा चेहरा झाला होता.

"अगं, पिशवी नव्हती का? अख्ख्या गाडीत माझी टोपीच मिळाली?"

जावई पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आले. ते हळूच म्हणाले, "आई, लाजू नका. मलाही लागते."

मी मान वर केली.

"खरंच. लहानपणापासून. चालवताना होत नाही, म्हणून तर मी कुणाला स्टेअरिंग देत नाही."

हे हळू बोलणं लेकीने बरोबर ऐकलं. "काय? तू तर म्हणायचास तुला ड्रायव्हिंगचं पॅशन आहे!"

"आहे ना. मागे बसलो की जास्तच होतं."

"सहा महिने मी तुला म्हणतेय मला गाडी दे, मला गाडी दे! तू पण ना, यार!"

त्यांचं जुंपलं तेवढ्यात ह्यांनी घसा साफ केला. ह्यांनी घसा साफ केला की घरात काहीतरी निकाल लागतो. "हे बघा, मी काय म्हणतो, हिला कशाला उगाच त्रास? हिला राहू दे घरी. आपण तिघं जाऊन येऊ. फोटो आणू भरपूर."

हे वाईट मनाने म्हणाले नव्हते. म्हणून तर मला जास्त राग आला. मी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. जावयांसमोर जे व्हायचं नव्हतं ते होऊन गेलं होतं, आता लाज राखायची ती कशासाठी?

"मी येणार," मी म्हटलं. "मला पुढे बसलं की लागत नाही. मी पुढे बसेन."

"पुढे?" हे म्हणाले. "मग मी?"

"मागे."

"अगं, पुढच्या माणसाला काम असतं. रस्ता बघावा लागतो."

"बाबा, रस्ता फोनमधली बाई सांगते," लेक म्हणाली.

"त्या बाईचं मी ऐकत नाही."

"घरातल्या बाईचं तरी ऐका," मी म्हटलं. जावयांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मग ह्यांनी तडजोड काढली. "बरं, आज बस. तिकडे गेल्यावर मी पुढे."

"तिकडे वळणं जास्त आहेत," मी म्हटलं. "तिकडे पण मीच."

टोपी तिथेच पुरायची की घरी नेऊन धुवायची यावर थोडी चर्चा झाली. शेवटी ती दोन पिशव्यांत गुंडाळून डिकीत गेली. जावयांनी माझ्यासाठी पुढचं दार उघडलं आणि कुठलासा दांडा ओढायला सांगितला. मी ओढला तशी सीटच्या पाठीसकट आडवी झाले. लेकीने मागून ढकलून मला सरळ केलं. गाडी निघाली.

वळण आलं. ते मला आधी दिसलं, मग आलं. म्हणजे पोटाला तयारीला वेळ मिळाला. झाडीतून खाली समुद्र दिसला, एका बाजूला लपायचा, पुन्हा दुसऱ्या बाजूला निघायचा. रस्त्याकडेला एक बाई जाळं दुरुस्त करत होती, तिने मान वर करून आमच्या गाडीकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. असं मी गाडीतून कुणाकडे कधी बघितलं नव्हतं. दरवेळी माझी नजर पायाखालच्या रबराच्या चटईवर नाहीतर पिशवीत.

मग ह्यांनी माझ्या सीटच्या बाजूने मान पुढे घातली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"अगं," हे म्हणाले, "मागून काहीच दिसत नाही गं."

"मी सांगते ना तुम्हाला काय काय दिसतं ते," मी म्हटलं. पण बघण्याच्या नादात ते राहूनच गेलं.