पदर अडकला पेटीत

आईच्या पाठीला आराम मिळावा म्हणून मी मोटरसायकलची सीट बदलली, आणि आईला गाडीवरून उतरताच येईना.

झालं असं. पाठदुखीमुळे आईचं खाडीपलीकडच्या मनोरीला, सुमनमावशीकडे जाणं बंद झालं होतं. दोघी बहिणी फोनवर भरपूर बोलायच्या, पण फोन ठेवला की आई गप्प बसून राहायची. शेवटी मी मालाडच्या एका गॅरेजात मागची सीट नवी बनवून घेतली. जाड गादी, पुढेमागे करता येणारी पाठ, आणि पाठीमागे आपोआप लॉक होणारी पेटी. (डिझाइन माझं! तेव्हा मी हे सगळ्यांना सांगत होतो.)

निघताना आई म्हणाली, "पाठ जरा मागे घे रे."

मी खटका ओढला. आई थेट आडवी!

"अरे मेल्या, दाढी करायला बसवलंयस का मला?"

दुसऱ्या खेपेला मात्र पाठ झकास बसली. मार्वेच्या जेट्टीपर्यंत आई चक्क गुणगुणत आली! मी खूश. गाडी थांबवून पेटी उघडली, हेल्मेट आत टाकलं, झाकण दाबलं. खट्! आत हेल्मेट, हेल्मेटमध्ये किल्ली, आणि झाकणात आईचा पदर.

"ओढू का गं थोडा?"

"साडी फाटली ना, तर तुला फाडीन!"

"मग रिक्षाने घरी जाऊन दुसरी किल्ली आणतो."

"आणि तोवर मी इथे पुतळ्यासारखी बसू? बोट समोर उभी आहे. मला बहिणीकडे जायचंय. ढकल गाडी!"

बोटवाला ओरडला, "ओ मावशी, उतरा! गाडीवर बसून बोटीत चढायचं नाही!"

"उतरते की! साडी इथेच सोडून उतरू?"

बोटवाल्याने कपाळावर हात मारला. मग त्यानेच चार माणसं बोलावली आणि आई गाडीसकट बोटीत चढली, पाठ टेकून, ताठ मानेने. लोकांनी फोटो काढले. (आईने केस सारखे करून घेतले!)

पलीकडे मावशी वाट बघत होती. सगळा प्रकार ऐकून ती हसत हसत खालीच बसली. मग उठून आईच्या गळ्यात पडली आणि दोघींचे डोळे भरून आले. मावशीने ओळखीच्या घरातून साडी आणि चादर आणली. बायकांनी चादरीचा आडोसा धरला. थोड्या वेळाने आई दुसरी साडी नेसून, मोकळी होऊन बाहेर आली.

"सुमन, पाठ जरासुद्धा दुखली नाही गं! पुढच्या रविवारी परत येते."

दोघी रिक्षात बसून गेल्यासुद्धा.

राहिलो मी. साडी रस्त्यावर लोळू नये म्हणून सीटभोवती, हँडलभोवती नीट गुंडाळली आणि भर उन्हात मावशीच्या घराकडे गाडी ढकलत निघालो. एका दारात एक आजी बसली होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवरी आणलीस का रे?"

वय अडतीस, लग्नाचा पत्ता नाही. म्हटलं, नाही तरी कशाला म्हणायचं!

"हो आजी. मालाडचं माहेर आहे तिचं!"